प्रत्येक फोटोत तीच बाई

मामाच्या गावात स्वतःच्या बागेबद्दल बोलताना 'तेल्या' हा शब्द कुणी वापरत नसे. तेल्या शेजाऱ्याच्या बागेत असायचा. आपल्या बागेत फक्त 'डाग' असायचे, फार तर 'उन्हाचा चट्टा'. हा डाळिंबावरचा रोग. पानावर तेलाचा थेंब सांडावा तसा आधी एक ठिपका दिसतो, उजेडात धरलं की त्याच्याभोवती पिवळी कड दिसते. मग फांदीवर काळं कडं पडतं आणि तिथून फांदी मोडते. फळावर डाग आला की ते उकलतं, आतले दाणे बाहेर दिसतात, आणि ज्या फळाला दोन महिने कुणी हात लावू दिला नसता ते टोपल्या भरून खड्ड्यात पुरावं लागतं.

हे मी दोन हजार तीन-चारच्या सुमारासचं सांगते आहे. सटाण्याकडच्या बागा तेव्हा एकामागून एक बसत होत्या. व्यापाऱ्याच्या कानावर तेल्याचं नाव गेलं की त्याचा टेम्पो त्या बांधावर थांबत नसे, म्हणून सगळे एकमेकांपासून बाग लपवायचे. पूर्वी मामीच्या ओट्यावर दुपारी चार-पाच बायका तरी असायच्या. त्या वर्षी कुणी कुणाच्या बागेकडच्या वाटेनेही जात नव्हतं. बागेच्या तोंडाशी फिनेलच्या पाण्याने भिजवलेलं पोतं टाकलेलं असायचं, पाय पुसून आत यायला. पण पाय पुसायला कुणी येतच नसे.

मी नाशिकला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. शाळा कॉन्व्हेंटची. तिथे मराठीत बोललं की वहीत नाव लिहायचे, आणि माझं नाव लिहिलं जाऊ नये म्हणून मी फारसं बोलतच नसे. ती सवय पुढे दोन्ही भाषांत राहिली. कॅमेरा हातात आला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. तो डोळ्याला लावला की लोक आपल्याकडून बोलण्याची अपेक्षा करत नाहीत. नाशिकच्या एका स्टुडिओवाल्याकडून जुना घेतलेला होता, रोल घालायचा.

गावच्या सोसायटीने ठरवलं, सगळ्यांचा मिळून एक अर्ज करायचा, नुकसानीचे फोटो जोडायचे, आणि तो वर पाठवायचा. सटाण्याचा फोटोवाला बागेत यायला तयार नव्हता. मामा म्हणाला, "आमची भाची आहे ना. ती फोटोचंच करते." मी फोटोचंच करत नव्हते, पण दिवाळीची सुट्टी होती आणि मामाला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

मामा माझ्याशी पुस्तकातल्यासारखं बोलायचा. घरात आणि गावात अहिराणी, माझ्याकडे वळला की "तुला चहा हवा आहे का?" मी गावात 'इंग्लिश मिडियम' होते. बांधाला बांध लागून ज्यांची बाग होती ते शेजारचे आबा मला पाहिलं की हमखास विचारायचे, "काय इंग्लिश मिडियम, डाळिंबाला काय म्हणता तुम्ही?"

"डाळिंब," मी म्हणायचे.

"मग फी कशाची भरली तुझ्या बापानी?" आणि स्वतःच हसायचे.

अर्जाला फोटो हवेत हे सगळ्यांनी हात वर करून ठरवलं होतं, पण फोटोत उभं राहायला एकही मालक तयार होईना. एक म्हणाला, माझं लेकरू आजारी म्हणून मी त्याच्याशेजारी फोटो काढू? दुसऱ्याने मला बाग दाखवली आणि स्वतः विहिरीमागे जाऊन उभा राहिला. मला फोटोत माणूस हवा होता. नुसती वाळलेली झाडं कागदावर काहीच सांगत नाहीत, झाडाची उंचीसुद्धा कळत नाही. पण "जरा उभे राहता का?" हे चार शब्दांचं वाक्यही माझ्या तोंडून निघत नव्हतं.

तेव्हा छाटणीच्या टोळीतली एक बाई म्हणाली, "माझा काढा की. माझी कुठं बाग हाय, मला कसली लाज?"

ती मुकादमीण होती. पश्चिमेकडच्या डोंगरातून, सुरगाण्याच्या बाजूने आठ माणसांची टोळी घेऊन ती आली होती. घरची भात-नागली उरकली की हे लोक खाली छाटणीला उतरायचे. आदल्या हिवाळ्यात ती पहिल्यांदा या गावात आली, तिच्या टोळीचा हात चांगला म्हणून सगळ्यांनी आळीपाळीने तिलाच बोलावलं. या वर्षी तिला लवकर बोलावणं गेलं होतं, रोगट फांद्या छाटून जाळायला. मामाच्या पत्र्याच्या शेडशेजारी त्यांची पालं होती.

तिचं वय पस्तिशीच्या आसपास असेल. मी तिला ताई म्हणायचे, ती मलाही ताई म्हणायची. मालकांशी तीच बोलायची: "दादा, येऊ द्या पोरीला, तुमची बाग काय खाती का ती?" तिच्यामुळे मला अकरा बागांत जाता आलं. प्रत्येक बागेत ती रोगट फांदी एका हातात धरायची, दुसऱ्या हातात कात्री, आणि मी कॅमेरा लावायचे. तिचं लुगडं गडद तांबडं होतं, करपलेल्या पानांपुढे ते छान उठून दिसायचं. असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर दुसऱ्या कुणाला विचारण्याची वेळ टळत होती.

"नीट काढा हां," ती म्हणायची. "सायबाला दिसलं पाह्यजे, झाड मेलं तरी बाई तगडी हाय."

टोळीतल्या बायका हसायच्या. एक म्हणाली, "साहेब अर्ज बाजूला ठेवल आन् तुलाच बोलावल."

"बोलावू दे. जंतुनाशकात बुडवून काढीन त्याला."

तिच्याजवळ कायम एक गुलाबी बादली असायची. कृषी खात्याच्या माणसाने सांगितलं होतं, कात्रीतून रोग पसरतो, म्हणून प्रत्येक झाडानंतर कात्री औषधाच्या पाण्यात बुडवायची. ती बुडवायची. टोळीतल्या कुणी चुकवलं तर तिथल्या तिथे शिवी घालायची. बादलीचा गुलाबी रंग फोटोत फार डोळ्यावर येत होता. पहिल्याच बागेत मी तिला खुणेने सांगितलं, बादली जरा बाजूला. त्यानंतर मी कॅमेरा उचलला की ती आपणहून पायाने बादली मागे सरकवायची.

सटाण्यात फोटो धुऊन आले. अर्जाला जोडण्याआधी सगळ्यांनी पाहावेत म्हणून सोसायटीच्या ऑफिसातल्या फळ्यावर चिकटवले. सकाळची वेळ होती, पंचवीसेक माणसं असतील. आधी प्रत्येकाने आपली बाग शोधली. मालक फोटोत नसल्यामुळे ओळख पटायला वेळ लागत होता. कुणी विजेच्या खांबावरून ओळखली, कुणी मागच्या टेकडीवरून. मी दाराशी उभी होते. दोघा-तिघांनी "चांगले आले" असं म्हटलं आणि मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग एक तरुण शेतकरी हसत म्हणाला, "सगळ्या फोटोंत ही बाई कशी काय? बागा आमच्या, हिरॉईन ही."

लोक हसले. हसणं थांबल्यावर कुणीतरी मागून म्हणालं, "बागा बी सगळ्या तेल्यावाल्याच ना."

पुढचं फार लवकर झालं. मागच्या हिवाळ्यात हीच टोळी होती. सगळीकडे हीच गेली. त्यानंतरच्या पावसाळ्यात सगळ्या बागा बसल्या. कात्रीतून रोग पसरतो हे साहेबांनीच सांगितलंय. फोटोत बघा, कात्री हातातच आहे. एकाने फळ्याजवळ जाऊन तिच्या हातावर बोट ठेवून दाखवलं, पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत, शाळेत नकाशा दाखवतात तसं. मी हे अकरा फोटो तीन दिवसांत, एकामागून एक, रोग आल्यानंतर काढले होते. पण फळ्यावर ते असे लागले होते की पाहणाऱ्याला वाटावं, बाई बागेत आली आणि बाग गेली, अकरा वेळा.

मी मामाकडे पाहिलं. तो सोसायटीचा जुना माणूस, त्याचं सगळे ऐकायचे. त्याने फळ्यावरचे फोटो एकदा पाहिले. मग म्हणाला, "मले तर पहिलापासून शंका व्हती."

टोळीने संध्याकाळच्या आत गाव सोडायचं, असं ठरलं.

मी घरी आले. मामीच्या कपाटात, साड्यांखाली, लॅबवाले देतात तसला प्लास्टिकचा लहानसा अल्बम होता. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात मी इथे आले होते तेव्हाचा माझा पहिलाच रोल. नाशिकहून धुऊन मीच पाठवला होता. मला त्यातलं एक काहीतरी आठवत होतं, पण नक्की काय ते कळत नव्हतं.

ते सापडलं. मामा बागेत गुटी बांधत होता. गुटी म्हणजे झाडाच्या फांदीची साल गोल काढून त्याभोवती ओलं शेवाळ आणि प्लास्टिक बांधतात, मुळं फुटली की फांदी कापून नवं रोप तयार. मामाच्या बागेची फळं गावात सर्वांत लाल, म्हणून त्या वर्षी त्याने शेकड्याने गुट्या बांधल्या आणि गावभर दिल्या. मेलेल्या झाडांच्या जागी लोक दुसरी रोपं लावतात, त्याला तिकडे नांग्या भरणं म्हणतात. गावातल्या जवळजवळ प्रत्येक बागेत त्या वर्षी नांग्या मामाच्या गुटीने भरल्या.

लागून लागून दोन फोटो होते. पहिल्यात फांदी, तिच्यावरची पानं अगदी पुढे, आणि पानांवर ठिपके. पिवळ्या कडेचे, तेलकट. दुसऱ्यात तीच फांदी, तीच गुटी, मामा हसतो आहे, आणि पुढची पानं नाहीत. मला आठवलं. मी एक फोटो काढल्यावर तो म्हणाला होता, "थांब जरा, ही पानं फोटोत बरी दिसत नाहीत." त्याने ती चारपाच पानं खुडून खिशात घातली होती. खाली टाकली नव्हती, खिशात घातली होती. मुकादमीण या गावात येण्याच्या पाच महिने आधीची ही गोष्ट.

मामा मागे येऊन कधी उभा राहिला कळलं नाही.

"तेव्हा कुणाला माहीत होतं हे काय आहे ते," तो म्हणाला. पुस्तकी मराठीत.

मी अल्बम मिटला नाही.

"दोन दिवस डाग दिसले, फवारणी केली, गेले. आता गावाला हे दाखवून काय होणार आहे? बागा परत येणार आहेत का?" मग म्हणाला, "तुझी मामी या गावात राहते. तू परवा नाशिकला जाशील."

त्याने अल्बम माझ्या हातातून घेतला नाही. घेतला असता तर आज मला सांगायला सोपं गेलं असतं. तो फक्त पाणी प्यायला आणि बाहेर गेला. निगेटिव्ह तर नाशिकला माझ्याच टेबलाच्या खणात होती, हे त्यालाही माहीत होतं.

चारच्या सुमाराला मी शेडकडे गेले. अल्बम ओढणीखाली होता. पालं उतरवून झाली होती. सोसायटीतले सात-आठ जण आणि आबा तिथे उभे होते, बाजूला रोगट फांद्यांचा ढीग पेटला होता. कुणीतरी म्हणालं, कात्र्या इथून बाहेर जाऊ देऊ नका, पुढच्या गावाचं नुकसान व्हायचं. पुढच्या गावाची काळजी त्या गावाने त्या दिवशी पहिल्यांदाच केली असेल. टोळीच्या बायकांच्या हातातून कात्र्या घेतल्या आणि ढिगात टाकल्या. त्या कात्र्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. मुठींचं लाल प्लास्टिक वितळायला लागल्यावर वास सुटला.

मुकादमिणीने मला पाहिलं.

"ताई, तुमी सांगा यांना. तुमीच मला उभं केलं ना? माझी बादली सांगा. फोटोत बादली कुठं गेली?"

सगळे माझ्याकडे वळले. मामाही होता, पण तो माझ्याकडे बघत नव्हता, आगीकडे बघत होता.

"ताई, बोला ना. आमच्याकडं पुढं कुणी छाटणीला न्यायचं नाय. नाव जाईल ना हो या सगळ्या पट्ट्यात. तेल्यावाली टोळी म्हणतील."

मी म्हणाले, "मी फक्त फोटो काढले."

एवढंच. मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले की त्या वेळी मला शब्द सुचले नाहीत, शाळेने माझी मराठी खाल्ली वगैरे. ते खरं नाही. शब्द लागणारच नव्हते. ओढणीखालून अल्बम काढून आबांच्या हातात द्यायचा होता.

मुकादमिणीने मला शिवी दिली नाही. बादली उचलली, तिच्यातलं औषधाचं पाणी माझ्या पायांजवळ ओतून दिलं आणि म्हणाली, "घ्या, पाय धुवा." तिच्या टोळीतलं त्या दिवशी कुणी हसलं नाही. रस्त्यापर्यंत ते आठजण डोक्यावर बोचकी घेऊन गेले.

फोटो अर्जाबरोबर गेले. अर्जाचं काय झालं ते मला माहीत नाही. मामा म्हणायचा, वर आहे. त्यातले चार फोटो पुढे मी नाशिकला एका प्रदर्शनात लावले. लोकांना तो तांबड्या लुगड्याचा फोटो फार आवडला. एक बाई बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या होत्या, मग मला म्हणाल्या, "किती सोसलंय या हातांनी." मी थँक्यू म्हणाले.

त्यानंतर पाचसहा वर्षं मी त्या गावी गेले नाही. काही ना काही कारण निघायचं. गेले ते मामा वारल्यावर, दहाव्याला. बागा राहिल्याच नव्हत्या. बहुतेकांनी झाडं मुळासकट काढून कांदा आणि मका लावला होता. ठिबकच्या काळ्या नळ्या गुंडाळ्या करून बांधावर पडल्या होत्या. या वेळी मी ते दोन फोटो बरोबर नेले होते, निगेटिव्हवरून मोठे करून. मामा आता नाही, मामी मुलाकडे पुण्याला जाणार, आता कुणाचं काय बिघडणार, असा माझा हिशेब होता. त्याला धैर्य म्हणता येणार नाही.

जेवणं झाल्यावर आबा कडुनिंबाखाली बसले होते. ते खूप थकले होते, पण मला पाहून म्हणाले, "ये इंग्लिश मिडियम." मी त्यांच्या शेजारी बसून पहिला फोटो त्यांच्या हातात दिला, मग दुसरा. तारीख सांगितली. पानांवर बोट ठेवून ठिपके दाखवले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या गावात सलग इतकं बोलले असेन.

आबांनी चष्मा पुसून दोन्ही फोटो पाहिले आणि परत दिले.

"आमले माहीत व्हतं," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना समजलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले.

"अगं समजलं. आम्हाला माहीत होतं. नांग्यांपासूनच सुरुवात झाली ना सगळ्यांच्याच बागेत. जिथं तुझ्या मामाची गुटी लावली त्याच झाडाला पहिला डाग. बाग कसणाऱ्याला एवढं कळत नाही का?"

"मग त्या दिवशी तुम्ही कुणी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? तुझ्या मामाच्या घरची मुलगी माझ्या पुतण्याला दिलेली. पाण्याची पाळी एका विहिरीवर. त्याला गावाबाहेर काढायचं का?" आबांनी हात झटकला. "कुणावर तरी जायलाच पाहिजे होतं. गेलं. लोकांचं मन शांत झालं."

म्हणजे त्या फोटोची गरज कधी नव्हतीच. मी इतकी वर्षं तो जपत होते, आणि तेच गुपित आगीपाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या खिशात होतं.

मी विचारलं, "ती टोळी पुन्हा कुठे दिसली का?"

"कोणती टोळी?"

"मुकादमीण होती ना, सुरगाण्याकडची. तांबड्या लुगड्याची."

आबांना आठवेना. त्यांनी शेजारी बसलेल्या आपल्या मुलाला विचारलं, त्यालाही आठवेना. मग माझ्या पिशवीत तिचा एक फोटो होता तो मी काढून दोघांपुढे धरला.

मुलगा लगेच म्हणाला, "आबा, ही नाही का ती, तेल्यावाली."

"हां हां," आबा म्हणाले. "तेल्यावाली. असं सांग ना मग." आणि माझ्याकडे वळून, माझी समजूत घालावी तसं, "हिच्याच पायी गेल्या बघ सगळ्या बागा."